एक्केचाळीस काड्या

प्रताप नगर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मेघा,

फोनवर तू मला बंद केलं आहेस, म्हणून पत्र. पत्ता आपल्या पक्षीमंडळातल्या अरुंधतीने दिला. मला देऊ नकोस असं तू तिला बजावलं होतंस, हेही तिने सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस.

काम एवढंच. कन्हान नदीवरच्या घरट्यांचं प्रकरण कोर्टात उभं राहतं आहे. तारीख २४ एप्रिल. मला समन्स आलं. साक्षीदारांच्या यादीत माझ्याखाली तुझं नाव आहे. आरोपीच्या रकान्यात नानाजींचं. तुझ्या वडिलांविरुद्ध तुला उभं राहावं लागावं असं मला कधी वाटलं नव्हतं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तुला यायचं नसेल तर मी समजू शकते. आलीस, तर अहवालात आहे तेवढंच सांगायचं. आपण दोघींनी मोजलं, दोघींनी सही केली. दोघांच्या सह्या असल्याशिवाय आपल्या मंडळात मोजणी धरत नाहीत. हा नियम तुला मीच शिकवला. त्यामुळे माणूस एकटा चुकत नाही.

यंदा तलावांवर पट्टकादंब उशिरा आले आणि थोडे आले. थापट्या बदकं नेहमीसारखी. शेकाटे वाढले आहेत. पाणी घाण झालं की ते वाढतात. गेल्या रविवारी कामठीच्या पुलावरून सुरयांची पहिली जोडी पाहिली. नर चोचीत मासा धरून मादीभोवती चालत होता. तिने तो बराच वेळ घेतला नाही.

तिथे किनाऱ्यावर तू कुरव मोजतेस असं अरुंधती म्हणाली. समुद्रावरचे पक्षी खारं पाणी पितात आणि मीठ नाकातून बाहेर टाकतात. चोचीच्या टोकावरून थेंब गळताना दिसतो म्हणे. तीस वर्षं मी हे वर्गात शिकवलं, एकदाही पाहिलं नाही. तू पाहिलं असशील.

तब्येत सांभाळ.

कामिनी मॅडम


२ मार्च २०२५

प्रिय मेघा,

कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही. अक्षर ओळखलं.

‘मी सही केली तेव्हा तो तिसरा परिच्छेद कागदावर होता का? मला आता आठवत नाही.’

अहवाल दोन वर्षांपूर्वीचा आहे. पहिल्या परिच्छेदात जागा आणि वेळ. दुसऱ्यात तक्ता: १२ मार्चला नदी सुरयाची घरटी एक्केचाळीस, १९ मार्चला चार. तिसऱ्यात कारण. बेटावरच्या टरबूज-डांगरांच्या वाडीतल्या लोकांनी अंडी काढली, असं त्यात आहे. त्या बेटावर वाडी एकच होती. नाव लिहायची गरज नव्हती.

मूळ कागद वनखात्याकडे आहे. तो पाहिल्याशिवाय काही सांगणं बरोबर होणार नाही. इतक्या दिवसांनी माणसाची आठवण हवी तशी वळते.

इथे मंडळात आता नवे लोक आहेत. विक्की म्हणून एक आहे, चाळिशीचा, लकडगंजात लाकडाचं दुकान. उत्साही आहे. काल घरी आला तो बांबूच्या काड्यांचा भारा घेऊन.

“मॅडम, तुमचीच मेथड. साठ काड्या रेडी आहेत. नंबर टाकले, वरून पांढरा पेंट. रेडियम लावू का? दुरून चमकन.”

मी म्हटलं, थोडं थांबू.

“थांबून काय करता? पक्षी अंड्यावर बसले बी.”

मी पुन्हा म्हटलं, थांबू. काड्या जिन्याखाली ठेवून घेतल्या. का, ते त्याला सांगितलं नाही. तुलाही आज सांगत नाही.

बेटावर अठ्ठावीस घरटी असावीत. मी काठावरून दुर्बिणीने पाहिली. दुपारी रेती तापली की मादी उठते, पाण्यावर जाते, पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. दुपारभर तेच करते. एका मादीच्या वीस फेऱ्या मोजल्या. मग डोळ्यांत पाणी आलं, उन्हाने.

कामिनी मॅडम


१६ मार्च २०२५

प्रिय मेघा,

मी एक गोष्ट केली. अजून कोणाला सांगितलेली नाही.

आपल्या बेटाच्या खाली, मैलभर अंतरावर, रेतीचा एक पट्टा उघडा पडला आहे. तिथे यंदा एकही घरटं नाही. मी दोनदा चालून खात्री केली. शुक्रवारी विक्कीच्या भाऱ्यातल्या अकरा काड्या नेल्या आणि त्या रिकाम्या रेतीत रोवल्या. काडीखाली काही नाही. अंडं नाही, खळगा नाही, पायाचा ठसासुद्धा हाताने पुसून घेतला. मग काठावरच्या झाडीत बसले.

सकाळी आठच्या सुमारास कावळा आला. वरून एक घिरटी घातली आणि पहिल्या काडीपासून हातभर दूर उतरला. चालत काडीपाशी गेला. बुडाशी पाहिलं. काडीभोवती फिरला. काही नव्हतं. उडाला नाही, चालत दुसऱ्या काडीकडे गेला. तिथेही बुडाशी पाहिलं, चोचीने थोडी रेती उकरली. मग तिसऱ्या. मधल्या रेतीत तो कुठेच थांबला नाही. अकराही काड्या त्याने पाहिल्या, एकही सोडली नाही. मोजणीला आलेला माणूस चालेल तसा तो चालला.

शेवटच्या काडीशी थोडा वेळ उभा राहिला. मग ओरडला. पलीकडून आणखी तीन आले आणि पहिल्या काडीपासून सुरुवात झाली.

मागच्या वर्षी मी वीस घरट्यांना काड्या लावल्या होत्या. दोन वाचली. वाडी तेव्हा नव्हती, उठवली होती. नानाजींना बेटावर पाऊल ठेवायची मनाई होती. अहवालात मी कारण लिहिलं: भटकी कुत्री. कुत्र्याचा एकही माग मी पाहिला नव्हता.

सुरयाचं अंडं रेतीत दिसत नाही. तोच त्याचा बचाव आहे. रेतीसारखा रंग, वर राखी-तपकिरी ठिपके. दोन पावलांवरूनही नजर घसरते. आपण प्रत्येक घरट्याशेजारी एक निशाण लावलं. एक्केचाळीस निशाणं. बांबूच्या कामट्या आणि त्यावर पांढऱ्या चिंध्या.

चिंध्या तू फाडल्या होत्यास, तुझ्या आईच्या जुन्या लुगड्याच्या. मी फाड म्हटलं म्हणून. ही पद्धत माझी, काड्या माझ्या. ते तुझ्यावर घेऊ नकोस.

कामिनी


२३ मार्च २०२५

प्रिय मेघा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नव्हता.

मूळ कागद पाहायची गरज नव्हती. प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे, पहिल्या दिवसापासून. २ मार्चच्या पत्रात ते लपवलं.

१९ मार्चला आपण नदीवरून परतलो. तू फक्त तक्त्याखाली सही केलीस आणि कामठीला जाणारी ऑटो पकडलीस. तुला घाई होती, दुसऱ्या दिवशी पेपर होता. तक्ता आणि सह्या यांच्यामध्ये चार बोटं जागा राहिली होती. मी घरी आले, चहा केला, जेवणाच्या टेबलावर बसले आणि त्या जागेत तिसरा परिच्छेद लिहिला. अक्षर बारीक केलं, मावावं म्हणून. सकाळी नेऊन दिला.

त्यात टरफलांबद्दल लिहिलं आहे ते खोटं नाही. वाडीतल्या झोपडीमागे टरफलं होती, ताजी, नऊ-दहा. मी पाहिली होती. पण झोपडीवर जो आडवा वासा होता, त्यावर दिवसभर कावळे बसत. हेही मी पाहिलं होतं. वासा वर, टरफलं खाली. ते मी लिहिलं नाही. खोटं सांगू नये म्हणून लिहिते: मुद्दाम गाळलं असंही नाही. कारण शोधायला बसले तेव्हा कावळा मला सुचला नाही. वाडीवाला लगेच सुचला.

पाच वर्षं मी या पद्धतीवर बोलत होते. दोन परिषदांत मांडली होती. ती चुकीची असू शकते, ही शंका एकदा आली आणि मी दिवा लावायला उठले. परत बसले तेव्हा लिहायला घेतलं.

अजून एक आहे. माझ्या वहीत १२ मार्चचं पान आहे. आपण काड्या रोवत होतो आणि नानाजी काखेत टरबूज घेऊन आले.

“बाई, ह्या काड्या काहून रोवून राहिल्या?”

“मोजायला.”

“मोजा ना. पण कावळाबी मोजते. शाळेत नाही गेला तो, पण गिनती येते त्याले.”

आपण हसलो. तूही हसलीस. तुझं हसणं वेगळं होतं, ते तुझे वडील होते. मी वहीत लिहून ठेवलं, गंमत म्हणून: ‘नानाजी: कावळा मोजतो.’ खाली रेघ मारली. मग आपण ते टरबूज खाल्लं.

गावात म्हणतात की पोरीने बापावर लिहून दिलं. मला हे दोन वर्षं माहीत आहे. कोणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी मनाशी म्हणत असे. मला कोणी विचारलं नाही. तू विचारलंस, तर मी तीन आठवडे घेतले.

हे पत्र तू जपून ठेव. कोर्टात हवं असेल तर वापर.

कामिनी


६ एप्रिल २०२५

प्रिय मेघा,

काल तुझ्या आई-वडिलांकडे धानोलीला गेले. बसने कामठी, पुढे ऑटो, घाटापासून चालत.

रुखमाबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

“काय मोजाले आल्या बाई? चार कोंबड्या हायेत, दोन पिल्लं. लिहून घ्या.”

मी म्हटलं, नानाजींना भेटायचं आहे.

“पाहून घ्या. आरोपी मांगं बसला हाये.”

नानाजी मागच्या पडवीत जाळं नीट करत होते. केस पांढरे झाले आहेत. नदीच्या पात्रात उतरता येत नाही म्हणून आता दुसऱ्यांची जाळी दुरुस्त करून देतात. मी जमिनीवर बसले. खुर्ची आणायला कोणाला सांगितलं नाही त्यांनी, आणि ते बरोबर होतं.

मी कावळ्याचं सगळं सांगितलं. अकरा काड्या, रिकामी रेती. ते हातातलं काम न थांबवता ऐकत होते.

“हे मले माहीत होतं.”

“तुम्ही सांगितलं होतं.”

“मंग?”

“मी ऐकलं नाही.”

“नाही बाई, तसं नाही. आयकलं होतं. हासल्या होत्या तुमी.”

मी हो म्हटलं.

मग सहीचं सांगितलं. तू सही केलीस तेव्हा कागदावर तक्ता होता आणि मोकळी जागा होती. पुढचं मी घरी लिहिलं. दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा त्यांचा हात थांबला.

“म्हंजे पोरीनं लिहिलं नाही.”

“नाही.”

“वाचलंबी नाही.”

“वाचायला ते नव्हतंच.”

रुखमाबाई सूप घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नानाजींशी बोलल्या.

“आयकून राहिले ना? दोन साल. दोन साल या घरात तिचं नाव काढू देलं नाही तुमी. फोन आला का मी कोठ्यात जाऊन बोलू, गायीच्या शेजारी, चोरावानी.”

नानाजींनी जाळं खाली ठेवलं. मग मला म्हणाले, “तिनं सांगतलं होतं मले. कागद कोरा होता म्हणे बाबा. मीच म्हटलं, शिकलेल्या माणसाचा कागद कोरा नसते. तुह्या हाताचं पाणी नाही पेणार म्हटलं.”

माफी मागायची म्हणून वाक्य ठरवून गेले होते. ते तिथे फार शहाणं वाटलं असतं.

“हे कोर्टात सांगान का?” त्यांनी विचारलं.

“सांगीन. वकिलांना लेखी देते आधी.”

“लिहून नका देऊ,” ते म्हणाले. “तोंडानं सांगा.”

निघताना रुखमाबाईंनी पाणी दिलं. नानाजींनी विचारलं, तिकडे समुद्राच्या रेतीत डांगर होते का. मी म्हटलं, खारी रेती, होत नसावं. “मंग काय कामाची?” ते म्हणाले, आणि पुन्हा जाळं उचललं. पण त्यांनी तुझ्याबद्दल काही विचारलं नाही आणि निरोप दिला नाही. आहे तसं लिहिते. माझ्याकडून तुला खोटी आशा मिळू नये.

कामिनी


२५ एप्रिल २०२५

प्रिय मेघा,

काल तारीख झाली.

तू आली नाहीस. मी अकरापासून व्हरांड्यात होते आणि जिन्याकडे पाहत होते. नानाजी आणि रुखमाबाई भिंतीशी बसले होते, मध्ये डब्याची पिशवी. दुपारी त्यांनी डबा उघडला. मला बोलावलं नाही.

सरकारी वकील मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, जबाबात आहे तेवढंच बोला. सोपी केस आहे.” दोन महिन्यांपूर्वी मी तुला हेच लिहिलं होतं.

तीन वाजता हाक आली. मी तोंडाने सांगितलं. काड्या, कावळा, वासा, टरफलं. सहीनंतर लिहिलेला परिच्छेद. सरकारी वकील मध्येच म्हणाले, “हे तुम्ही स्वतःवर घेताय, समजतं ना?” मी म्हटलं, समजतं. न्यायाधीश बाई तरुण आहेत. त्यांनी विचारलं, “हे तुम्हाला तेव्हा कळलं नाही?”

“कळून घ्यायचं नव्हतं.”

टंकलेखकाने मान वर केली. “हे घेऊ का मॅडम?”

“घ्या,” त्या म्हणाल्या.

माझ्यावर काय कारवाई होईल ते कळेल. मंडळाला मी सगळ्या वर्षांच्या मोजण्या मागे घेत असल्याचं सांगितलं. विक्की घरी येऊन बसला. त्याला फार वाईट वाटलं. “मॅडम, पण डेटा तर एकदम सॉलिड होता न,” असं तीनदा म्हणाला. मी त्याला त्याच्या काड्या परत दिल्या. यंदा बेटावर कोणी उतरलं नाही. घरटी किती टिकली ते मला नक्की माहीत नाही. परवा पुलावरून पिल्लं दिसली, पाण्याच्या कडेला, आकडा सांगता येणार नाही इतक्या लांब.

माझं झाल्यावर सरकारी वकील फाइल मिटत म्हणाले, आता यात काही उरलं नाही. पण यादीत अजून एक साक्षीदार आहे, तो झाल्याशिवाय प्रकरण संपत नाही.

मग शिपाई दारात जाऊन उभा राहिला आणि तुझं नाव पुकारलं. ‘मेघा नानाजी मारबते.’ व्हरांड्यातली माणसं इकडेतिकडे पाहू लागली. त्याने दुसऱ्यांदा पुकारलं. मी समोर पाहत होते. तुझ्या वडिलांचं नाव तुझ्या नावात आहे, हे इतक्या मोठ्याने मी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या हाकेला आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला.

“हाये बाईसाहेब.”

न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. “तुम्ही आरोपी आहात. हाक साक्षीदाराला आहे.”

“मले माहीत हाये. माही पोरगी हाये ते. मेघा. लांब हाये, समुद्रावर. येईन.”

“कधी?”

“आता तुमी बोलवान तवा. मी बोलावलं तर येईन का नाही, सांगता नाही येत.”

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. कारकुनाने फाइल उलटसुलट केली आणि सांगितलं की या साक्षीदाराचा पत्ता मंडळाचा दिला आहे, राहता पत्ता नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. तुझा किनाऱ्यावरचा पत्ता माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स उघडली.

“धानोलीचा लिहा,” नानाजी म्हणाले. “मुक्काम पोस्ट धानोली, घाटावरचं शेवटचं घर. तिथंच राहते ते.”

“राहते?” कारकुनाने विचारलं.

नानाजींनी कठड्यावर दोन्ही हात ठेवले होते. दाराशी रुखमाबाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं.

“लिहा ना,” ते म्हणाले. “घर तिचं हाये.”

कारकुनाने लिहिलं. मी पर्स बंद केली.

पुढची तारीख १८ जून आहे. समन्स तुझ्या घरी जाईल.

कामिनी